चहाच्या पेल्यातले ग्रेसाहेब

बाबा पहिल्यांदा आमच्याकडे विंचेस्टरला आले ते २०१४ च्या उन्हाळ्यात. आई गेल्यावर ते गावी एकटे पडले होते, म्हणून माझ्या बायकोनेच आग्रह करकरून त्यांना तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं. आल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज आला. त्यांच्या मनगटावरच्या घड्याळात तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि चहाला चार तास उशीर झाला होता. मी खाली जाऊन पाहतो तर बाबांनी कपाटातून हाताला लागेल तो डबा काढून, आलं ठेचून, दूध-साखर घालून चहा उकळलेला.

"अरे, या चहाला साबणाचा वास येतोय. डबा नीट धुतला नव्हता का?"

डबा धुतलेला होता. चहा ‘अर्ल ग्रे’ होता! बर्गमॉट नावाच्या लिंबाच्या सालीच्या तेलाचा तो वास, वगैरे मी समजावून सांगितलं. बाबा निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचा पुढचा प्रश्न आलाच, "हे अर्ल ग्रे कोण?"

मंडळी, या देशात येऊन मला तेव्हा दहा वर्षं झाली होती. एम.एस्सी. इथे केली, नोकरी इथे लागली, पुढे कन्सल्टंट होऊन साहेबाच्या बँकांना साहेबाच्याच भाषेत सल्ले द्यायला लागलो. दहा वर्षं रोज तो चहा प्यायलो, पण हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. त्या दिवशी कॉम्प्युटरवर शोधून सांगितलं, की दुसरे अर्ल ग्रे हे १८३० ते १८३४ या काळातले पंतप्रधान. पार्लमेंटच्या निवडणुकीत सुधारणा करणारा १८३२ चा कायदा आणि गुलामगिरी बंद करणारा १८३३ चा कायदा त्यांच्याच कारकिर्दीतला. चहाचं नाव त्यांच्यावरून पडलं असं म्हणतात. "माणूस चांगला दिसतोय," बाबा म्हणाले, "चहा मात्र आपला साधाच आण."

विषय तिथेच संपायचा. पण त्याच उन्हाळ्यात पहिल्या महायुद्धाला शंभर वर्षं पूर्ण होत होती. ४ ऑगस्टला रात्री दहा ते अकरा घरातले सगळे दिवे मालवायचे आणि एकच दिवा किंवा मेणबत्ती लावून ठेवायची, असं आवाहन देशभर झालं होतं. १९१४ साली त्याच रात्री अकरा वाजता ब्रिटन युद्धात उतरलं होतं. आम्हीही दिवे मालवले. बायकोने देवघरातलं निरांजन आणून खिडकीत ठेवलं. सहा वर्षांची लेक विचारत होती, "आज दिवाळी आहे का?" तिला उत्तर देण्यासाठी म्हणून मी ते माहितीपत्रक वाचलं. ही दिव्यांची कल्पना १९१४ च्या परराष्ट्रमंत्र्यांच्या एका वाक्यावरून निघाली होती, आणि त्या मंत्र्यांचं नाव होतं सर एडवर्ड ग्रे.

"त्या चहावाल्याचा कोण हा?" अंधारातून बाबांनी विचारलं.

पुन्हा शोधाशोध. चहावाले अर्ल हे या ग्रेसाहेबांच्या पणजोबांचे सख्खे भाऊ. म्हणजे आपल्याकडच्या हिशेबाने चुलत पणजोबाच. शोधता शोधता आणखी एक गोष्ट कळली आणि मी उडालोच. या परराष्ट्रमंत्र्यांची आवडती झोपडी आमच्या घरापासून जेमतेम पाच मैलांवर, इचन नदीच्या काठी, इचन ॲबस नावाच्या खेड्यात होती. त्या नदीकाठी आम्ही दर रविवारी फिरायला जात होतो.

तेव्हापासून ग्रेसाहेब माझ्या मानगुटीवर बसले ते अजून उतरलेले नाहीत.

‘इंग्लिश कंट्री जंटलमन’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे टीव्हीवरच्या मालिका येतात. मोठा वाडा, कुत्री, घोडे, शिकार. आपल्याकडच्या इनामदार-देशमुखांशी त्यांचं थोडं साम्य आहे. वाडवडिलांची जमीन, कुळं, आणि त्याबरोबर गावाच्या भानगडी मिटवण्याची पिढीजात जबाबदारी. पार्लमेंटच्या सभासदांना १९११ पर्यंत पगारच नव्हता. त्या वर्षी सालाना ४०० पौंड सुरू झाले. त्याआधी ज्याच्या घरी जमिनीचं उत्पन्न आहे त्यालाच बहुधा देशसेवा परवडायची. त्यामुळे पद हा हक्कही होता आणि कटकटही. वाड्याचं छप्पर गळतंय म्हणून जसं बघावं लागतं, तसंच देशाचंही बघायचं!

एडवर्ड ग्रे यांचा जन्म १८६२ चा. वडील लवकर गेले. गृहमंत्रिपद भूषवलेले आजोबा १८८२ मध्ये वारले आणि विशीतल्या एडवर्डकडे स्कॉटलंडच्या सीमेजवळच्या नॉर्दम्बरलंडमधली फॅलोडनची जहागीर आली. सुमारे दोन हजार एकर. त्या वेळी ते ऑक्सफर्डला बेलियल कॉलेजात ‘शिकत’ होते. अवतरणचिन्हं मुद्दाम घातली, कारण १८८४ मध्ये आळशीपणाबद्दल कॉलेजने त्यांना चक्क घरी पाठवलं. पुढे परत येऊन परीक्षा दिली ती तिसऱ्या वर्गात. घरी बसवलं त्या वर्षीच त्यांनी फॅलोडनच्या तळ्यांवर पाणपक्षी पाळायला सुरुवात केली. आणि १८८५ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, बेरिकमधून ते पार्लमेंटमध्ये निवडून आले. सभागृहातले सगळ्यांत तरुण सभासद! त्याच वर्षी डोरोथीशी लग्न झालं. आपल्या मंडळातल्या आईबापांनी ही कथा मुलांच्या हाती लागू देऊ नये, अशी माझी नम्र सूचना आहे.

नवरा-बायको दोघांनाही लंडनचा तिटकारा. मेजवान्या, गर्दी, धूर नको व्हायचा. फॅलोडन फार दूर. म्हणून १८९० मध्ये त्यांनी इचनच्या काठी एक छोटं घर उभारलं. वाडा नाही, हवेली नाही. पत्र्याच्या छपराची साधी झोपडी. शनिवारी पहाटे वॉटर्लूहून पहिली गाडी पकडायची आणि न्याहारीच्या वेळेला नदीवर पोचायचं. तिथे पाहिलेले पक्षी, उमललेली फुलं यांची नोंद दोघं मिळून एका वहीत ठेवत. ट्राउट मासे पकडण्याच्या छंदावर ग्रेसाहेबांनी १८९९ मध्ये एक पुस्तकही लिहिलं, ते मासेमारीचे शौकीन अजून वाचतात.

वॉटर्लू ते विंचेस्टर! हीच माझी रोजची लाइन. शुक्रवारी संध्याकाळी त्या गाडीत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेले, बेसिंगस्टोक गेलं की डोळे मिटणारे आम्ही सगळे ग्रेसाहेबांचे वारसच म्हणायचे. एवढंच, की विंचेस्टरच्या पुढे इचन ॲबसला जाणारी गाडी १९७३ मध्ये बंद झाली.

डिसेंबर १९०५ मध्ये ते परराष्ट्रमंत्री झाले आणि सलग अकरा वर्षं त्या पदावर राहिले. इतका काळ सलग ते पद दुसऱ्या कुणी सांभाळलेलं नाही. आणि गंमत पाहा, अर्ध्या जगाचे व्यवहार बघणारा हा मंत्री महायुद्धापूर्वी मंत्री म्हणून देशाबाहेर गेला फक्त एकदा, एप्रिल १९१४ मध्ये राजाबरोबर पॅरिसला. सुट्टी मिळाली की साहेब नदीवर.

पद स्वीकारून दोन महिने होतात न होतात तोच, १ फेब्रुवारी १९०६ ला, ते लंडनमध्ये संरक्षणाच्या बैठकीत बसलेले असताना तार आली. फॅलोडनजवळ घोडा बुजून डोरोथी गाडीतून फेकली गेली होती. ते रात्रीच्या गाडीने उत्तरेला गेले. ती शुद्धीवर आलीच नाही. तीन दिवसांनी गेली. ग्रेसाहेब राजीनामा द्यायला निघाले होते, सहकाऱ्यांनी थांबवलं. थोड्याच दिवसांत ते परत टेबलाशी येऊन फायली बघू लागले.

हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ गप्प होतो. आईचा शेवटचा फोन आला तेव्हा मी क्लायंटच्या बैठकीत होतो आणि मोबाईल सायलेंटवर होता. चार दिवसांनी मी परत आलो आणि सोमवारी कामावर गेलो. आपल्यापैकी कितीजणांना ही तार कळेल, हे मी सांगायला नको.

माझा या माणसावर जीव जडला तो तिथे. त्याला पद नको होतं, घर हवं होतं. तरी त्याने दुसऱ्याच्या नावाने खडे न फोडता काम केलं. ऑफिसात खुर्चीसाठी धडपडणारे इतके पाहिले होते, की खुर्चीत बसून खिडकीबाहेरच्या बदकांकडे पाहणारा मंत्री मला संतच वाटायला लागला.

आता त्यांच्या आयुष्यातला सगळ्यांत सुंदर दिवस सांगतो. ९ जून १९१०. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट इंग्लंडमध्ये आले होते. त्यांना इंग्लंडचे पक्षी ऐकायचे होते. बरोबर आले खुद्द परराष्ट्रमंत्री. दोघं इचनच्या खोऱ्यातून चालले, मग न्यू फॉरेस्टमध्ये गेले. ना सचिव, ना फायली. चाळीसएक जातींचे पक्षी पाहिले, वीसएक जातींची गाणी ऐकली. त्यांत गोल्डक्रेस्ट नावाच्या एवढ्याशा पक्ष्याचं गाणं ऐकून रूझवेल्ट थबकले, कारण तसंच गाणं त्यांनी अमेरिकेत ऐकलं होतं.

ही गोष्ट मी बाबांना मोठ्या हौसेने सांगितली. १० ऑगस्ट, रविवार होता. आम्ही दोघं इचनच्या काठाने चाललो होतो. खडूच्या दगडांतून झिरपून आलेलं ते पाणी इतकं नितळ, की तळाचं शेवाळ केसांसारखं हलताना दिसतं. बाबांनी वाकून पाण्यात हात घातला, चव घेतली आणि म्हणाले, "जून १९१०? मग तेव्हा सावरकर कुठे होते?"

मुख्याध्यापकांचं हे असं असतं. मी मनाशी तारखा जुळवल्या आणि माझ्याच अंगावर काटा आला. सावरकरांना लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर पकडलं १३ मार्च १९१० ला. रूझवेल्ट आणि ग्रेसाहेब पक्षी ऐकत होते तेव्हा ते ब्रिक्स्टनच्या तुरुंगात होते. बरोबर महिन्याने, ८ जुलैला, मार्सेल्सच्या बंदरात त्यांनी बोटीतून उडी मारली. फ्रान्सच्या भूमीवर धरलेला कैदी फ्रान्सला परत द्यायचा की नाही, हे प्रकरण दोन सरकारांनी हेगच्या लवादापुढे नेलं. पकडण्यात चूक झाली होती, तरी ब्रिटनने कैदी परत करायची गरज नाही, असा निकाल २४ फेब्रुवारी १९११ ला लागला. त्या सगळ्या काळात ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याची सूत्रं होती पक्षीप्रेमी सर एडवर्ड ग्रे यांच्या हातात.

आपण शाळेत ती उडी शिकलो. उडीच्या दुसऱ्या टोकाला टेबलाशी बसलेला माणूस कोण होता, हे मला त्या दिवशी नदीकाठी कळलं.

"म्हणजे तुझे साहेब पाखराचं गाणं ओळखत होते," बाबा एवढंच म्हणाले.

मी जरा चिडून त्यांची बाजू मांडायला लागलो. त्यांनी युद्ध टाळायचा प्रयत्न केला होता, १९१२-१३ मध्ये बाल्कन देशांची भांडणं लंडनच्या परिषदेत त्यांनीच शांतपणे हाताळली होती, असं बरंच काही. बाबा ऐकत होते. मग मला १९१४ च्या जुलैकडे यावंच लागलं.

२३ जुलैला ऑस्ट्रियाने सर्बियाला निर्वाणीचा खलिता दिला. २५ जुलैला, शनिवारी, त्याची मुदत संपत होती. आणि त्या शनिवारी ग्रेसाहेब नेहमीप्रमाणे इचन ॲबसला आले! रविवारी खात्यातून तार आली: चार राष्ट्रांची परिषद बोलवावी का? त्यांनी इथूनच होकार कळवला. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्शन सिस्टिम कोसळत होती आणि साहेब ऑनकॉल होते, नदीवरून. परिषद झालीच नाही. ते लंडनला असते तर युद्ध टळलं असतं असं मी म्हणत नाही. पण दोष द्यायला जागा आहे ती दुसरीकडे. १९०६ च्या जानेवारीपासून फ्रान्सशी लष्करी पातळीवर बोलणी चालू होती आणि ग्रेसाहेबांनी ती बहुतेक मंत्रिमंडळालाही काही वर्षं कळू दिली नव्हती. कागदावर बांधिलकी नव्हती, पण शब्द दिल्यासारखंच होतं. सद्गृहस्थाच्या शब्दाला किंमत असते, आणि ती वेळ येते तेव्हा भलतेच लोक चुकवतात.

३ ऑगस्टला पार्लमेंटमध्ये तासाहून जास्त वेळ बोलून त्यांनी सभागृहाला युद्धाच्या बाजूला वळवलं. त्या दिवशी संध्याकाळी ते आपल्या खोलीच्या खिडकीशी उभे होते. खाली सेंट जेम्स पार्कच्या बाजूला दिवे लावत चालले होते. तेव्हा त्यांच्या तोंडून दिव्यांबद्दलचं ते प्रसिद्ध वाक्य निघालं, ज्याच्यासाठी शंभर वर्षांनी आमच्या खिडकीत निरांजन ठेवलं गेलं.

मी थांबलो. आम्ही चर्चजवळ आलो होतो. इथल्या जवळजवळ प्रत्येक खेड्यात असतो तसा तिथे युद्धात पडलेल्यांचा स्मारकस्तंभ होता. बाबा चष्मा पुसून जवळ गेले आणि एकेका नावावर बोट फिरवत ती वाचायला लागले. एका आडनावाचे दोघं सापडले. "भाऊ असतील," ते म्हणाले.

मग म्हणाले, "आपल्या चावडीच्या भिंतीतला दगड आठवतो तुला?"

आठवत होता. सातारा जिल्ह्यात अशा अनेक गावांत तो आहे. या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच त्यावर मजकूर. आम्ही लहानपणी त्याच्यावर चेंडू मारून क्रिकेट खेळायचो. त्या दगडावर दोन आकडे आहेत. नाव एकही नाही.

"यांची नावं आहेत," बाबा म्हणाले. "बरं वाटलं बघून. पण तुझ्या ग्रेसाहेबांना निर्णय करायच्या आधी येऊन बसायला नदी होती. आमच्या गावच्या पोरांना कुणी विचारलं?"

कुणीच विचारलं नव्हतं. ब्रिटनने युद्ध पुकारलं आणि हिंदुस्थान आपोआप युद्धात ओढला गेला. दहा लाखांहून अधिक हिंदी माणसं समुद्रापार पाठवली गेली. पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात गेली. कूतच्या वेढ्यात मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ ला उपासमारीने टेकीला येऊन तिथल्या फौजेने शरणागती पत्करली, आणि कैदेत आणखी कित्येक मेले. आमच्या गावचे कोण कुठे गेले हे गावातही कुणाला सांगता येत नव्हतं.

"पण बाबा, माणूस वाईट नव्हता हो," मी म्हणालो.

"वाईट कुठे म्हणतोय मी? बराच होता. अरे, मी पाच वर्षं सरपंच होतो. निवृत्त झाल्यावर गावाने बळेच बसवलं. रोज पहाटे वाटायचं, हे सोडावं आणि मळ्यात जाऊन बसावं. तुझी आई म्हणायची, सोडाच. पण मी मळ्यात बसलो तरी पाण्याची पाळी ठरवायची राहतेच ना? जो दाराशी येऊन उभा राहिलाय, तो उभाच असतो." थोडा वेळ ते गप्प राहिले. "मी एकदा खालच्या आळीचं पाणी चुकीचं तोडलं होतं. मनात काही वाईट नव्हतं. ऐकून घ्यायला गेलो नाही, एवढंच. त्यांच्या बायका उन्हाळाभर विहिरीवर गेल्या. आपला हेतू चांगला होता हे त्यांना काय उपयोगाचं?"

बाबांनी ही गोष्ट मला त्याआधी कधी सांगितली नव्हती.

ग्रेसाहेबांचं पुढचं आयुष्यही बाबांनी घरी येईपर्यंत विचारून घेतलं. युद्धापूर्वीच त्यांचे डोळे अधू व्हायला लागले होते. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती, पण ते पदावर राहिले. डिसेंबर १९१६ मध्ये सरकार बदललं तेव्हा सुटले. १९१७ मध्ये फॅलोडनचा वाडा जळाला, १९२३ मध्ये इचनकाठची झोपडीही जळाली. ती परत बांधली नाही. पहिल्यांदा झोपडी उभारून शहरापासून लपलेला हा माणूस शेवटी नॉर्दम्बरलंडला आपल्या तळ्याकाठी राहिला. मासा दिसेना, अक्षर दिसेना. पाखरांचा आवाज मात्र ऐकू येत होता. १९२७ मध्ये त्यांनी पक्ष्यांवर पुस्तक लिहिलं, ते घरोघर गेलं. १९२८ मध्ये ते ऑक्सफर्डचे चॅन्सलर झाले. ज्या विद्यापीठाने आळशी म्हणून घरी पाठवलं, त्याचेच कुलपती! त्यांचा एक फोटो प्रसिद्ध आहे: बाकावर शांत बसलेत आणि हॅटवर रॉबिन पक्षी येऊन बसलाय. १९३३ मध्ये ते गेले. पक्ष्यांचा अभ्यास करणारी त्यांच्या नावाची संस्था ऑक्सफर्डमध्ये १९३८ मध्ये सुरू झाली, ती अजून काम करते.

तो फोटो बाबांनी पुष्कळ वेळ पाहिला. "पाखरू उगाच कुणाच्या डोक्यावर बसत नाही," म्हणाले. आणि परत जाताना विमानतळावर, सिक्युरिटीच्या रांगेत, एकदम मला म्हणाले, "तुझ्या त्या कॉम्प्युटरवर शोध ना रे, त्या दगडावरची नावं मिळतात का."

मी "हो" म्हणालो आणि विसरलो. प्रोजेक्ट, डेडलाईन, मुलीची शाळा. वीकेंडला नदी. बाबा २०१९ मध्ये गेले.

२०२१ च्या एप्रिलमध्ये बातमी वाचली, की कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने एका अहवालात मान्य केलं: पहिल्या महायुद्धात मेलेल्या हजारो हिंदी आणि आफ्रिकी सैनिकांचं स्मरण गोऱ्या सैनिकांच्या बरोबरीने केलं गेलं नव्हतं. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी पार्लमेंटमध्ये माफी मागितली. त्या रात्री मी कमिशनच्या नोंदी उघडून बसलो. काही शिपायांच्या नावापुढे बापाचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हाही लिहिलेला असतो. पण लिहिणारा कारकून इंग्रजीत ऐकीव स्पेलिंग करणारा. आमच्या गावाचं नाव किती तऱ्हांनी लिहिता येतं हे मला एक प्रोग्रॅम लिहूनच शोधावं लागलं. बँकांचे डेटाबेस साफ करून पोट भरणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच आपल्या विद्येचा घरच्यांसाठी उपयोग झाला.

आतापर्यंत चार नावं मिळाली आहेत. दगडावरचा आकडा त्याहून मोठा आहे. चुलतभावाने ती चार नावं कागदावर लिहून चावडीत लावली, तेव्हा त्यांतल्या एकाच्या पणतूने येऊन कागदाला हात लावून नमस्कार केला.

हे सगळं आज लिहायचं कारण असं, की गेल्या महिन्यात मंडळाच्या जुन्या अध्यक्षांचा फोन आला. पुढच्या दोन वर्षांसाठी अध्यक्ष व्हाल का? माझं उत्तर तयार होतं. वीकेंड हाच आमचा श्वास, हॉलचं भाडं आणि समोशांची संख्या यांच्यावर रात्री अकरा वाजता वाद घालायची माझी प्रकृती नाही, नदीवर जायचं असतं. फोनवर बोलताना हातात चहाचा कप होता. अर्ल ग्रेचा, साबणाच्या वासाचा.

मी "हो" म्हणालो. अट एकच घातली, रविवारी सकाळी दहापर्यंत मला कुणी फोन करायचा नाही. पण त्या सकाळी कुणाला खरंच गरज पडली, कुणाची तार आली, तर खुशाल करावा. मी नदीवर असेन, आणि फोन सायलेंटवर नसेल.